मदत हवी आहे: बाबांच्या पेटीदुरुस्तीच्या वेबसाईटला चांगल्या लिंका कुठून मिळवायच्या?

लष्करची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागात राहतो. बाबा गेली चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त करतात, सूर जुळवतात. गुडघ्यांमुळे आता घरोघर जाणं होत नाही, म्हणून सात महिन्यांपूर्वी वेबसाईट काढली. लोकांनी पेटी पाठवावी, बाबांनी घरी बसून नीट करावी, असा बेत. पानं सहा: आमच्याविषयी, दर, फोटो, पत्ता, संपर्क आणि 'हार्मोनियमचा इतिहास'. गूगलवर दुकानाचं नाव टाकलं की साईट वर दिसते. नुसतं 'पेटी दुरुस्ती' टाकलं तर कितीही खाली जा, आमचा पत्ता नाही.

जो तो म्हणतो बॅकलिंक हव्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या साईटवरून आपल्या साईटकडे येणाऱ्या लिंका. तर आत्तापर्यंतचे माझे उद्योग सांगते, हसू नका. फोनवर भेटलेल्या एका माणसाला अडीच हजार देऊन 'पाचशे हाय डीए बॅकलिंक' घेतल्या. सर्च कन्सोल (आपल्या साईटची माहिती दाखवणारं गूगलचं साधन) उघडून पाहते तर जुगाराच्या नाहीतर परदेशी फर्निचरच्या साईटा, आणि सगळीकडे अक्षरन् अक्षर एकच मजकूर, 'बेस्ट हार्मोनियम रिपेअर इन ग्वालियर'. मग विकिपीडियावर पेटीच्या लेखात आमची लिंक चिकटवली, ती दोन तासांत कुणीतरी काढली. शेवटी तीसेक संगीतसंस्थांना मेल केले. एकाचं उत्तर आलं: 'धन्यवाद.'

त्या पाचशे लिंकांनी साईट बुडेल का? आणि खऱ्या लिंका मिळवायच्या कशा? बाबा आणखी अडीच हजार देणार नाहीत, हे गृहीत धरा.

निवृत्त_कारकून
ताई, आधी घाबरणं थांबवा. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा, नकली लिंका पकडणारा बदल आणला तेव्हा अशा विकतच्या लिंकांमुळे साईटा खरोखर झोपल्या होत्या. २०१६ पासून मात्र असला कचरा बहुतेक मोजलाच जात नाही. म्हणजे नुकसान तुमच्या अडीच हजारांचं. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' उघडून बघा. गूगलच्या माणसांनी साईटवर कारवाई केली असेल तर ती तिथे दिसते. तिथे काही नसेल तर हात लावू नका. लिंका नाकारण्यासाठी 'डिसअव्हाव' नावाचं साधन आहे, पण ते अशी कारवाई झाली असेल किंवा होईल अशी दाट शंका असेल तेव्हाचं औषध. उगाच घेतलं तर चांगल्या लिंकाही जातात.

आणि तो 'डीए' गूगलचा नव्हे. साईट किती वर येऊ शकेल याचा मॉझ नावाच्या कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे तो, एक ते शंभर. गूगल क्रमवारी लावताना तो बघत नाही.

विकिपीडियाचं म्हणाल तर तिथल्या बाहेर जाणाऱ्या लिंकांवर 'नोफॉलो'ची, म्हणजे 'ही लिंक क्रमवारीत धरू नका' असं गूगलला सांगणारी चिठ्ठी असते, इंग्रजी विकिपीडियावर २००७ पासून. टिकली असती तरी क्रमवारीला तिचा फारसा उपयोग नव्हता.

सर्व्हर_डाऊन
मी जरा तिखट बोलतो. तुमच्या सहा पानांपैकी कुठल्या पानाची लिंक मी माझ्या मित्राला पाठवू? दरांच्या? 'हार्मोनियमचा इतिहास' वाचला. पॅरिस, मग कोलकाता, मग १९४० साली आकाशवाणीने पेटीवर घातलेली बंदी. हे शंभर ठिकाणी आहे, शंभर-एकावं कशाला? तुमच्या बाबांना जे ठाऊक आहे आणि इतरत्र कुठे लिहिलेलं नाही, ते कुठाय?

माझी आई भजनीमंडळात आहे. जुलै उजाडला की तिथे पट्ट्या अडकतात, आणि सगळ्या बायका एकच प्रश्न विचारतात: लाकूड फुगलंय की आत काही तुटलंय? याचं सरळ उत्तर देणारं एक पान असतं तर मीच ते चार ग्रुपवर टाकलं असतं. त्यातल्या एखादीचा ब्लॉग असतो, एखादीचा मुलगा क्लासची साईट चालवतो. लिंक अशी लागते. माणसाला माणूस सांगतो, गूगल मागून येतं.

लष्करची_लेक
लागलं, पण बरोबर आहे. काल बाबांना विचारलं की पेटी आल्यावर आधी काय बघता. म्हणाले, भाता भरायचा, एकही पट्टी दाबायची नाही, आणि बघत बसायचं. सावकाश मिटला तर ठीक, झपकन बसला तर कुठेतरी हवा गळतेय. मग कुठून गळते ते कान लावून शोधायचं. पाऊण तास बोलत होते. मी फोनवर रेकॉर्ड केलंय.

तंबोरा_चार_तारी
हेच ते पान! मी मिरजेकडचा, घरात तंबोरे बनतात, म्हणून अनुभवाचं सांगतो. भात्याची परीक्षा, पावसाळ्यात अडकलेल्या पट्ट्या आणि कुरिअरने पेटी पाठवताना बांधायची कशी, ही तीन पानं करा, प्रत्येकात बाबांच्या हाताचे फोटो. तिसरं पान फार चालेल बघा. परदेशातली महाराष्ट्र मंडळं पेट्या नेतात, तिथे हिवाळ्यात घरं तापवली की हवा कोरडी होऊन लाकूड तडकतं. त्यावर चार ओळी असू द्या.

मेल मोठ्या संस्थांना नको. त्यांच्या साईटवर बदल करणारा माणूस कोण, हे त्यांनाच माहीत नसतं. बाबांनी ज्यांच्या पेट्या जुळवल्या ते क्लास, ती मंडळं आठवून वहीत लिहा आणि मेलच्या आधी फोन करा. मजकूर एवढाच: 'सर, तुमच्या विद्यार्थ्यांना घरच्या घरी भाता तपासता येईल असं एक पान बाबांनी सांगून मी लिहिलंय. उपयोगी वाटलं तर तुमच्या सूचनांच्या पानावर द्या.' 'बॅकलिंक' हा शब्द त्यात येता कामा नये.

ग्वाल्हेरात राहताय हेही विसरू नका. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, आणि नोव्हेंबरात स्थानिक पत्रकार विषय शोधत फिरत असतात. पेटी जुळवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराची गोष्ट त्यांना हवीच असते. बातमीत साईटचं नाव आलं आणि लिंक नसली, तर नम्रपणे विनंती करा. बरेचदा देतात.

क्लिक_राजा
एवढा खटाटोप कशाला? माझ्या वीस साईटा आहेत, तुम्ही माझी लिंक द्या, मी तुमची देतो.

निवृत्त_कारकून
ताई, याच्या नादी लागू नका. लिंकांची घाऊक अदलाबदल गूगलच्या नियमांत बसत नाही. मिरजेच्या स्नेह्याने तुमचा उल्लेख केला आणि तुम्ही त्यांचा, तर त्याला कुणाची हरकत नाही, कारण तुमचं गिऱ्हाईक खरंच तिकडे जाईल. पैसे देऊन कुठे नाव छापलंत तर तिथल्या लिंकेवर 'स्पॉन्सर्ड'ची, म्हणजे ही पैसे देऊन घेतलेली लिंक आहे असं गूगलला सांगणारी खूण करायला सांगा. ती सोय २०१९ पासून आहे.

लष्करची_लेक
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' कोरं आहे, त्या पाचशेंना हात लावला नाही. इतिहासाचं पान काढून टाकलं. भात्याचं पान मराठीत आणि हिंदीत, वेगवेगळ्या वेबपत्त्यांवर टाकलं. वहीत एकोणीस नावं निघाली, अकरांना फोन केले, दोघांनी लिंक दिली. त्यातली एक पुण्याच्या भजनवर्गाची. त्या बाईंनी आमच्या दुकानाचं नाव चुकीचं लिहिलंय, पण लिंक बरोबर आहे. दुरुस्त करायला सांगू का, की राहू दे? त्या पानावरून तिघांचे फोन आले, एक पेटी बांधून निघालीही आहे.

तंबोरा_चार_तारी
नाव दुरुस्त करून घ्या. पण आधी ती पेटी पोचू दे.