मदत हवी आहे: ‘रोज घेत जा’ हे हिंदीत नेमकं कसं म्हणायचं?

नमस्कार. मी कोपरखैरण्याला एका दवाखान्यात काम करते. नंबर लावणं, बीपी बघणं आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते पेशंटला समजावणं. शाळा साताऱ्याकडे मराठी माध्यमात झाली. हिंदी पुस्तकापुरतं शिकले, पण इथे येणारे बरेच जण उत्तर प्रदेश, बिहारकडचे आहेत.

गेल्या आठवड्यात एका वयस्कर चाचांना बीपीची गोळी सुरू झाली. पहिली गोळी आमच्याकडेच दिली, बाकीच्यांची चिठ्ठी मेडिकलसाठी. मी म्हटलं, “चाचा, गोली रोज सुबह लेते जाना.” आपलं ‘घेत जा’ तसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी शटर उघडायला गेले तर चाचा पायरीवर बसलेले, चिठ्ठी घडी करून खिशात. “आपने कहा था न, सुबह लेते जाना.” त्यांना वाटलं, रोज सकाळी येऊन गोळी घेऊन जायची! एपीएमसीत कांद्याच्या गोणी उतरवतात, ते काम सोडून आले होते. मला फार वाईट वाटलं. त्यांनी ऐकलं बरोबरच, चुकीचं मी सांगितलं.

आमच्याकडची दुसरी मुलगी “रोज खाने का” म्हणते. कळतं सगळ्यांना, पण वडीलधाऱ्या माणसाशी तसं बोलायला माझी जीभ वळत नाही.

अजून दोन अडचणी. ‘आधी कोणती गोळी घ्यायचात?’ याला ‘लेते थे’ की ‘लिया करते थे’? आणि ‘चक्कर येत असते का?’ याला मी “चक्कर आता होता है क्या?” विचारते, तर समोरचा नुसता बघत राहतो.

प्रतिसाद १

ताई, मी ठाण्याला असते, माहेर इंदूरचं, त्यामुळे दोन्ही भाषा घरातल्याच. ‘लेते जाना’ म्हणजे जाताना सोबत घेऊन जा. तुम्हाला हवं आहे ते ‘लिया कीजिए’.

क्रियापदाचं भूतकाळी रूप घ्यायचं, लिया, खाया, आया, पिया, आणि पुढे ‘करना’. पहिला शब्द अजिबात हलत नाही. गोळी स्त्रीलिंगी असली तरी ‘गोली लिया कीजिए’च, ‘ली कीजिए’ नाही. लिंग, वचन, आदर, काळ सगळं ‘करना’वर. फक्त ‘जाना’चं ‘गया’ होत नाही, ‘जाया’ होतं: ‘टहलने जाया कीजिए’. नको म्हणतानाही हेच, ‘तंबाकू मत खाया कीजिए’. नुसतं ‘रोज लीजिए’ म्हणालात तरी चूक नाही, पण ‘लिया कीजिए’मध्ये सवय लावून घ्या असा मायेचा सूर येतो.

तुमच्या कामात ‘लेते रहिए’ मात्र वेगळं ठेवा. ते ‘घेत राहा, मध्येच थांबवू नका’. बीपीचे पेशंट बरं वाटलं की गोळी सोडतात, त्यांना हे सांगायलाच हवं.

‘लेते थे’ आणि ‘लिया करते थे’ दोन्ही बरोबर. दवाखान्यात ‘लेते थे’ पुरे, दुसऱ्यात जुन्या दिवसांच्या आठवणीचा सूर आहे. त्यात ‘ने’ येत नाही हं, ‘मैं लिया करता था’, ‘मैंने’ नाही. आणि चक्करला ‘चक्कर आते रहते हैं क्या?’ आपल्या ‘येत असते’मधलं ‘असणं’ हिंदीत अशा ठिकाणी ‘रहना’वर जातं.

धागाकर्ती

ताई, खूप खूप आभार. आज चाचा बीपी दाखवायला आले होते. मी म्हटलं, “चाचा, मेडिकल से ले आइए और रोज सुबह लिया कीजिए.” लगेच विचारलं, “नाश्ते के पहले कि बाद?” कळलं होतं त्यांना! मग हळूच म्हणाले, “बिटिया, हम भूल जाया करते हैं.” गोळ्यांची पट्टी आता त्यांच्या चहाच्या डब्याला रबराने बांधायला सांगितली आहे. ‘भूल जाया करते हैं’ हेही त्याच नियमातलं ना?