मध्यम किमतीचा फोन आणि दोन वर्षांची मुदत

मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन दोन वर्षांनी बदलावाच लागतो, हे नेहमी ऐकू येणारे मत मला सरसकट पटत नाही. इंदूरमध्ये माझा असाच एक फोन चौथ्या वर्षात आहे आणि यूपीआय, व्हॉट्सॲप, नकाशे ही रोजची कामे तो आजही विनातक्रार करतो. खरी झीज बॅटरीची होते, आणि तिचे एक मोठे कारण उष्णता आहे. पूर्ण चार्ज झालेली लिथियम-आयन बॅटरी वारंवार तापत राहिली, तर तिची क्षमता कायमची घटत जाते. त्यामुळे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना फोन स्कूटरच्या हँडलला लावून, नकाशा सुरू ठेवून राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत जाणे हा तिच्यावर अत्याचारच आहे. अशा वेळी पडदा आपोआप मंद होतो तो बिघाडामुळे नव्हे, फोन स्वतःला जपत असतो म्हणून. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असल्यास ती जरूर वापरावी. (आमच्या वडिलांना मात्र १०० चा आकडा दिसल्याशिवाय चैन पडत नाही.)

साठवणीची जागा काठोकाठ भरली की फोन अडखळतो. व्हॉट्सॲपमधील आपोआप डाउनलोड बंद केल्यास सुप्रभातच्या चित्रांचा ढीग तरी साचत नाही.

इंदूरच्या जेल रोडवरील डॉलर मार्केट या मोबाइल बाजारात बॅटरी बदलून मिळते, पण मागचे झाकण पुन्हा चिकटवल्यावर पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीसारखे राहीलच असे नाही. सुरक्षा अपडेट थांबलेल्या फोनवर मात्र, तो कितीही सुरळीत चालत असला तरी, मी बँकेचे व्यवहार करणार नाही.