लहान विमानाचे इंजिन शहरावर बंद पडले, तर वैमानिक उतरणार कुठे?

धानपट्ट्यातील शिक्षक:
सर्वांना नमस्कार. आमचे गाव बिरसी विमानतळापासून जवळ असल्याने प्रशिक्षणाची लहान विमाने दिवसभर डोक्यावरून जातात. परवा धानाची रोवणी सुरू असताना एका विमानाचा आवाज एकाएकी मंदावला आणि ते बरेच खाली आले. बांधीतल्या बाया पऱ्ह्यांच्या जुड्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आवाज वाढला आणि विमान वर गेले. इथे निदान शेते आहेत. पण गोंदिया किंवा नागपूर शहरावर इंजिन खरोखर बंद पडले, तर वैमानिक काय करतो? शाळेत मुले विचारतात आणि मला नीट उत्तर देता येत नाही.

माजी उड्डाण प्रशिक्षक:
सर, आपण पाहिला तो बहुधा सराव असावा. प्रशिक्षक मुद्दाम इंजिनाची शक्ती कमी करतो आणि विद्यार्थ्याला उतरण्याजोगी जागा निवडायला लावतो. जमीन जवळ आली की पुन्हा शक्ती देऊन विमान वर नेतात.

इंजिन थांबले म्हणून विमान दगडासारखे पडत नाही. सेस्ना 172 सारखे विमान योग्य वेग राखल्यास दर हजार फूट उंचीमागे साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जाते. दाट वस्तीवरून उडताना 600 मीटर त्रिज्येतील सर्वांत उंच अडथळ्याच्याही किमान 300 मीटर वर राहण्याचा नियम आहे, तो यासाठीच. गोंदियासारख्या शहरावर पुरेशी उंची असेल, तर वस्तीबाहेरची शेते बहुतेक वेळा आवाक्यात येतात.

खरा धोका उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात असतो, कारण तेव्हा हाताशी उंची नसते आणि मागे दिसणाऱ्या धावपट्टीकडे वळण्याचा मोह अनावर होतो. 45 अंश कलून वळताना विमान हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो. तेवढा वेग नसेल, तर विमान कोसळते. म्हणून समोर, थोडे डावीउजवीकडे, जे मोकळे दिसेल तिथेच उतरावे, हे मी विद्यार्थ्यांना रोज बजावत असे. अभिनेते हॅरिसन फोर्ड 2015 मध्ये सांता मोनिकाहून उडाल्यावर इंजिन बंद पडले, तेव्हा ते परत धावपट्टी गाठू शकले नाहीत आणि जवळच्या गोल्फ मैदानावर उतरले. ते जखमी झाले, पण वाचले. कार्ब्युरेटरमधला, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या यंत्रातला, एक लहानसा भाग सैल झाल्याचे तपासात आढळले.

वऱ्हाडकर:
रस्ता सोयीचा वाटतो, परंतु वरून विजेच्या तारा जवळपास दिसतच नाहीत. खांब दिसले की तार आहेच, असे धरून चालावे लागते. 28 जून 2018 रोजी मुंबईत घाटकोपरला एक लहान विमान बांधकामाच्या जागेत कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी असे पाच जण गेले. तो पादचारी माझ्या मनातून जात नाही. शहरातली मैदाने आपण एकेक करून बांधून टाकतो, तेव्हा अशा प्रसंगी लागणारी जागाही जाते.

धानपट्ट्यातील शिक्षक:
मनःपूर्वक आभार. आमच्या बांध्यांत उतरता येईल का? आणि तसे झालेच, तर गावाने काय करावे?

माजी उड्डाण प्रशिक्षक:
रोवणीच्या दिवसांत अवघड आहे. चिखलात पुढचे चाक रुतून विमान उलटू शकते, आणि बांधी बहुधा इतकी लहान असते की धुरा, म्हणजे शेताचा बांध, आडवा येतोच. तरी वाऱ्याकडे तोंड करून, शक्य तितक्या कमी वेगाने टेकले, तर जीव वाचण्याची शक्यता चांगली असते. वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा चौथाई उरते.

गावाने आधी 112 ला कळवावे. तार तुटली असल्यास वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये. अशा विमानांच्या इंधनाच्या टाक्या बहुधा पंखांत असतात, म्हणून बिडी-काडी दूर ठेवावी. इंजिनाचा पंखा थांबलेला दिसला तरी त्याच्यासमोर उभे राहू नये. जखमींकडे विमानाच्या मागच्या बाजूने जावे. जीव वाचवण्यासाठी लागेल तेवढेच हलवावे, बाकी अवशेष तपास अधिकारी येईपर्यंत जिथल्या तिथे राहू द्यावेत, आणि मुलांना धुऱ्याच्या अलीकडेच थांबवावे.