जुन्या डिझेल जीपचा फिल्टरवरचा बँजो बोल्ट गळतोय, तीनदा आवळला तरी

पावसचा बागायतदार
जीप १९९४ ची, वडिलांच्या हातची. वर्षभर उभीच असते, पण एप्रिल-मे आला की बागेतून आंब्याच्या पेट्या उतरवायला तीच लागते. जांभ्याच्या त्या चढणीला टेंपोवाला हात जोडतो. गेला पंधरवडा अंगणात डिझेलचा डाग पडतोय. आधी रुपयाएवढा होता, आता ताटलीएवढा. आई म्हणते, तुळशीपाशी उभं राहिलं तरी वास येतो.

फिल्टरच्या डोक्याला पाइप येतो तिथला बँजो बोल्ट (डिझेल आतून जातं तो पोकळ बोल्ट) ओला दिसतो. गॅरेजवाल्याने टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळला, दोन दिवस बरा. परत तेच. मग मी एमसील थापलं, ते भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. शिवाय सकाळी सात-आठदा सेल्फ मारल्याशिवाय गाडी उठत नाही. याचा त्याच्याशी संबंध असेल का? अजून आवळू की पाइपच बदलू? रत्नागिरीची खेप एकदाच मारायची आहे.

पंपवाले काका
अजून आवळू नका! डोकं अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. आटे गेले की वायसरचं काम अख्खं डोकं बदलण्यावर जातं.

बँजोचं सील आट्यांवर नसतंच. पाइपच्या डोळ्याच्या (टोकाची कडी, जिच्यातून बोल्ट जातो) वर एक, खाली एक असे तांब्याचे दोन वायसर असतात, ते दबून डिझेल अडवतात. टेपचा तिथे काही उपयोग नाही. उलट फिल्टरमधून इंजेक्शन पंपाकडे (इंजिनात डिझेल मारतो तो) जाणाऱ्या बोल्टला ती लावली असेल, तर तिचा तुकडा थेट पंपात जाईल. मध्ये अडवायला काही नाही. एमसील डिझेलने ओल्या धातूला धरतच नाही.

सेल्फचा संबंध आहे. इंजिन चालू असताना टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप ते फिल्टरकडे ढकलतो, म्हणून ते बाहेर गळतं. रात्री गाडी उभी राहिली की डिझेल टाकीकडे मागे सरकतं आणि त्याच फटीतून हवा आत येते.

आधी गळती नक्की कुठे आहे ते बघा. डिझेल ओघळतं, त्यामुळे ओली जागा म्हणजे गळकी जागा नव्हे. सगळं पुसून कोरडं करा, वरून टाल्कम पावडर भुरभुरवा, गाडी पाच मिनिटं चालू ठेवा. पावडर पहिल्यांदा जिथे काळवंडेल तिथे बघा. दुकानात जाताना जुना वायसर खिशात न्या, मापाचा घोळ होत नाही. नवा नाहीच मिळाला तर जुनाच गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. लोखंडाचं उलटं, तांबं याने मऊ होतं. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू घासा. तापवायच्या आधी डिझेल पुसा आणि हे काम स्वयंपाकघरात करा, गाडीपाशी नको.

बसवल्यावर फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करा, हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारत राहा. फेस थांबून सलग डिझेल आलं की मारता मारताच स्क्रू बंद करा.

सातारकर
काकांना अनुमोदन. पाइप चेसीला धरणारी क्लिप आहे का तेही बघा. माझ्याकडे ती तुटली होती, पाइप थरथरून नवे वायसरही महिन्यात गळायला लागले. आणि हे वाचून पेट्रोल गाडीवाल्यांनी चालू इंजिनवर पावडरीचा प्रयोग करू नये. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग हात घाला.

पावसचा बागायतदार
काका, काल केलं. पावडर काळवंडली ती बोल्टाच्या डोक्याखाली नाहीच, पाइपच्या डोळ्याखाली. उघडून बघतो तर वरती दोन वायसर एकावर एक, खाली एकही नाही! ही करामत कोणाची कोण जाणे. आट्यांतून टेपचे धागे चिमट्याने ओढून काढले. बोल्ट फिल्टरकडे येणाऱ्या बाजूचा होता, म्हणजे पंप वाचला. नवे दोन घातले, एअर काढली. आज सकाळी पहिल्या सेल्फला उठली.

क्लिप खरंच नाही. तूर्त सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेने बांधलाय पाइप.

पंपवाले काका
ट्यूब काढा, डिझेल लागलं की ती फुगून लिबलिबीत होते. जुन्या चपलेच्या चामड्याची पट्टी घाला, पेट्या संपेपर्यंत सहज निभेल.