अपयशातून शिकणे ही कोणाला परवडणारी गोष्ट आहे? चिकाटी आणि माघार यांविषयी एक चर्चा

शिरोलीकर

माझ्या पुतण्याने गेल्या महिन्यात अडीच वर्षे चालवलेले बॅटरी दुरुस्तीचे वर्कशॉप बंद केले. घरातील सर्वांचे म्हणणे आहे की झाले तेवढे पुरे, आता त्याने नोकरी धरावी. त्याने सहा महिन्यांनी पुन्हा उभे राहावे, असे म्हणणारा मी एकटाच आहे, आणि माझे हे मत तपासून पाहावे म्हणून येथे लिहितो आहे.

मी स्वतः 1996 साली शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन घेऊन जॉबवर्क सुरू केले. पंपाचे सुटे भाग बनवणारा एकच मोठा ग्राहक होता आणि त्याचे काम इतके नियमित होते की दुसरा शोधावा असे कधी वाटलेच नाही. पुढे त्याची देणी तीन महिन्यांवरून पाच महिन्यांवर गेली, आमची कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेच्या फिरत्या कर्जाची, मर्यादा संपली, आणि 2001 साली मी गाळा रिकामा केला तेव्हा डोक्यावर सहा लाख चाळीस हजारांचे कर्ज होते. त्यानंतरची तीन वर्षे मी दुसऱ्याच्या शॉपमध्ये सुपरवायझर होतो. तेथे मला प्रथमच कळले की मी पाच वर्षे मशीनच्या तासाचा खरा दर कधी काढलाच नव्हता. टूलची झीज, रिजेक्शन, वीज गेलेले तास आणि माझी स्वतःची मजुरी यांपैकी काहीही न धरता मी भाव देत होतो आणि मशीन चालू आहे म्हणजे धंदा चालू आहे असे समजत होतो. 2004 साली एका जुन्या लेथवर पुन्हा सुरुवात केली तेव्हा दोन नियम केले: प्रत्येक कामाचा दर आधी कागदावर मांडायचा, आणि कोणत्याही एका ग्राहकाचे काम एकूण उलाढालीच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जाऊ द्यायचे नाही. ते शॉप आज माझा मुलगा चालवतो.

आपल्याकडे याचे मोठे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आहे. चित्रकार व्हायला मुंबईला गेलेल्या या तरुणाला रंगांधत्वामुळे चित्रकला सोडावी लागली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडाने जमिनीत विष उतरते या समजुतीपायी शेतकरी तो घेईनात आणि पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावातील जागाही सोडावी लागली. इतके सगळे झाल्यावर 1910 साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या माणसाने तिसऱ्या ठोकरीनंतर ‘पुरे झाले’ म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार माझ्या घरच्यांनी करावा असे मला मनापासून वाटते.

जमाखर्च

शिरोलीकर, आपण दोन नियमांविषयी जे लिहिले आहे ते प्रत्येक लघुउद्योजकाने भिंतीवर लावावे असे आहे. मात्र त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि चोवीस वर्षे लहान व्यावसायिकांचे हिशेब पाहिल्यानंतर तो मान्य न करणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

किर्लोस्करांसारखेच मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि वयाने त्यांच्याहून वर्षभरानेही लहान नसलेले दुसरे एक गृहस्थ होते. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, तेथे पत्नी आणि मूल गमावले. छापखाना काढला, तो नावारूपाला आणला आणि भागीदाराशी मतभेद होऊन सोडला. डोळ्यांचे दुखणे सोसले, विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 साली लंडन गाठले आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. दादासाहेब फाळक्यांइतकी चिकाटी, आणि प्रत्येक अपयशानंतर नवे तंत्र शिकण्याची त्यांच्याइतकी तयारी, मला तरी दुसऱ्या कोणात दिसत नाही. पुढे स्वतःच्याच कंपनीतील भांडवलदार भागीदारांशी न पटून ते काशीला गेले, परत आले, आणि बोलपटांच्या काळात 1937 सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. 1944 साली नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा हा उद्योग देशभर पसरला होता आणि तो सुरू करणारा माणूस विपन्नावस्थेत होता.

या दोघांच्या चिकाटीत मला काही फरक दिसत नाही. फरक आहे तो असा, की बेळगावातून उठावे लागले तेव्हा किर्लोस्करांच्या मागे औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी उभे राहिले, त्यांनी जागा दिली आणि कर्जही दिले. फाळक्यांना पैसे देणारे भेटले, परंतु ते नफ्याची घाई असलेले भागीदार होते. म्हणून आपल्या पुतण्याविषयी माझा पहिला प्रश्न असा आहे: त्याच्या मागे औंध आहे का?

सायकलचे दुकान

मला वाटते की दोघेही किर्लोस्करांचे चरित्र चुकीच्या बाजूने वाचत आहेत. शिरोलीकरांनी दिलेला क्रमच पुन्हा पाहावा. त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटन धरले, नोकरी सोडली आणि सायकलींचे दुकान धरले, सायकलींवरून कडबा कापण्याच्या यंत्राकडे वळले आणि तेथून नांगराकडे. आपल्या घरात एखाद्या मुलाने असे केले तर ‘धरसोड वृत्ती’ हाच शब्द वापरला जाईल. ज्याला आपण चिकाटी म्हणून डोक्यावर घेतो त्यात निम्म्याहून अधिक भाग वेळेवर सोडून देण्याचा आहे, आणि सोडताना हातातले कौशल्य पुढे नेण्याचा आहे, कारण चित्रकलेने तयार झालेला हातच पुढे यंत्रांचे आराखडे काढत होता.

फक्त नांगराच्या बाबतीत ते अडून राहिले, आणि तेथेही शेतकऱ्याची समजूत चुकीची आहे एवढ्यासाठी ते टिकून राहिले नसणार, वस्तू शेतात चालते हे त्यांना ठाऊक होते म्हणून टिकून राहिले असणार. खप नसणे आणि वस्तूच निकामी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा पुतण्याला ‘पुन्हा कर’ किंवा ‘सोड’ असे सांगण्यापूर्वी त्याच्या अडीच वर्षांत नेमके काय निकामी होते ते विचारावे. दुरुस्त केलेल्या बॅटऱ्या परत येत होत्या की गिऱ्हाईकच येत नव्हते?

शिरोलीकर

आपला प्रश्न रास्त आहे आणि मी तो आज त्याला विचारला. बॅटऱ्या क्वचितच परत आल्या. त्याचे पैसे अडकले ते भाड्याने गाड्या चालवणाऱ्या दोन व्यवसायांकडे. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी माझी जी चूक होती तीच त्याने केली, आणि माझ्या घरात राहून केली, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. माझा अनुभव मी त्याला गोष्ट म्हणून अनेकदा सांगितला होता, परंतु येणी-देणी घेऊन त्याच्याशेजारी एकदाही बसलो नाही.

जमाखर्च यांना एवढेच सांगतो की माझ्यामागे कोणतेही औंध नव्हते.

जमाखर्च

क्षमा करावी, पण होते. 2001 ते 2004 या तीन वर्षांत तुम्ही ज्या घरात राहत होता ते तारण होते का? घरात दुसऱ्या कोणाचा पगार येत होता का?

शिरोलीकर

घर वडिलांच्या नावावर होते आणि त्यांनी ते तारण ठेवू दिले नव्हते. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आपले म्हणणे मला कळले.

नवापूरच्या वाटेवर

मी नंदुरबार जिल्ह्यातला आहे आणि या चर्चेत ‘अपयश’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला जात आहे त्याने मी अस्वस्थ झालो आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरच्या पोल्ट्रीमध्ये बर्ड फ्लू आढळला. देशातील तो पहिलाच उद्रेक होता. लाखो पक्षी मारून पुरले गेले, अंडी नष्ट केली गेली, आणि देशभर लोकांनी कोंबडी खाणे थांबवल्यामुळे ज्यांच्या शेडपर्यंत रोग पोहोचलाही नव्हता त्यांचेही भाव कोसळले. आमच्याकडील लोकांनी शेड धुऊन, चुना मारून, रिकामी ठेवून, पुन्हा पिल्ले आणून व्यवसाय उभा केला. 2021 सालच्या फेब्रुवारीत तोच रोग तेथेच पुन्हा आला आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले.

यात अपयश कोणाचे आहे? जो माणूस पंधरा वर्षांत दोनदा शून्यावर आला त्याने कोणता धडा घ्यायचा होता? घेण्यासारखे धडे होते, नाही असे नाही. शेडच्या दारात पाय बुडवण्याची जंतुनाशकाची कुंडी, खाद्याच्या गाड्या आत न येऊ देणे, जंगली पक्षी शिरू नयेत म्हणून जाळी, हे सर्व लोक शिकले. परंतु शेजारच्या शेडमध्ये ते झाले नाही तर आपण एकट्याने केलेल्याचा उपयोग मर्यादित असतो, कारण रोग सापडला की ठराविक अंतराच्या आतील सर्व पक्षी मारले जातात, त्यात निरोगीही आले. हा धडा एका माणसाने शिकून भागत नाही, तो पूर्ण तालुक्याने एकत्र शिकावा लागतो, आणि तशी शिकवण देणारी व्यवस्था नसेल तर ‘जिद्द सोडू नका’ असे त्या शेडमालकाला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि तरीही मी माझे दोन शेड विकलेले नाहीत. तेव्हा मला चिकाटीच्या विरोधकांत मोजू नये. आपत्तीला माणसाचे अपयश म्हणू नका, एवढीच माझी विनंती आहे.

पेठेतली खोली

व्यवसायाचा मला अनुभव नाही, मी एका उमेदवाराची बहीण आहे. माझा भाऊ पुण्यात सदाशिव पेठेत दोघांच्या खोलीत राहून केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करत होता. सुमारे दहा लाख अर्ज येतात आणि जागा एक हजाराच्या आसपास असतात. खुल्या प्रवर्गाला वयाच्या 32 व्या वर्षापर्यंत सहा संधी मिळतात आणि त्याने सहाही दिल्या. त्यातील चार वेळा तो पूर्व परीक्षेतच अडकला.

मला सांगायचे आहे ते असे, की त्याच्या वेळी पूर्व परीक्षेचे गुण आणि अधिकृत उत्तरे अंतिम निकाल लागल्यावरच मिळत, म्हणजे पुढची पूर्व परीक्षा काही आठवड्यांवर येऊन ठेपलेली असताना. आपण कोठे चुकलो हे त्याला दर वर्षी कळायचे, पण इतके उशिरा की त्याचा उपयोग करायला वेळच उरत नसे. शिरोलीकरांना तीन वर्षे मिळाली, शेजारी दुसऱ्याचे शॉप मिळाले, दर कसा काढतात ते डोळ्यांनी पाहायला मिळाले. माझ्या भावाने सहा वर्षे मान खाली घालून तेच अधिक जोराने केले आणि आम्ही सर्वांनी त्याला जिद्दी म्हणून शाबासकी दिली. संधींची मर्यादा संपली त्या दिवशी आई रडली, आणि मला मात्र सुटल्यासारखे वाटले. ही मर्यादा नसती तर तो आजही त्याच खोलीत असता.

जमाखर्च

ताई, आपण लिहिलेले वाचून मला माझ्या विषयातील एक गोष्ट मांडावीशी वाटते. धंद्यात अशी सातवी संधी नाकारणारा कोणी नसतो. कंपनी बुडाली तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेत तिच्यासाठी ठरलेला मार्ग आहे. परंतु त्या संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. आपल्या नावावर दुकान किंवा वर्कशॉप चालवणारा बुडाला तर त्याच्यासाठी अजूनही 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आहे आणि मुंबई शहरात 1909 चा. माझ्या चोवीस वर्षांच्या कामात त्या वाटेने जाऊन मोकळा झालेला एकही अशील मी पाहिलेला नाही. सगळे जण मेहुण्याकडून, पतसंस्थेकडून, शेवटी सावकाराकडून घेऊन रेटत राहतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती चिकाटी वाटते.

उधारीबाबतही तसेच आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असे बंधन घातले आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज द्यावे लागते. तक्रार केली तर पुढचे काम जाईल या भीतीने तक्रारच होत नाही.

सायकलचे दुकान

मग तक्रार करता येईल इतके ग्राहक असणे, हाच शिरोलीकरांच्या दुसऱ्या नियमाचा खरा अर्थ झाला. तो नियम मला आता अधिक पटला.

शिरोलीकर

मी माझे मत पूर्णपणे बदललेले नाही. पुतण्याच्या हातात कौशल्य आहे, त्याच्या बॅटऱ्या परत येत नाहीत, आणि नोकरी धरून त्याने ते कौशल्य मरू द्यावे असे मी म्हणणार नाही. मात्र सहा महिन्यांनी पुन्हा उभे राहावे हे माझे म्हणणे मी मागे घेतो. ती मुदत मी माझ्या उतावळेपणाने ठरवली होती. माझ्या तीन वर्षांना मी आजवर ‘वाया गेलेली वर्षे’ म्हणत आलो, आणि वडिलांनी घर तारण ठेवू दिले नाही हा त्यांचा भित्रेपणा मानत आलो. वडील आता नाहीत.

रविवारी आम्ही दोघे त्याच्या वह्या घेऊन बसणार आहोत. पहिल्या महिन्यापासूनचा प्रत्येक जॉब, त्याला लागलेले तास, बॅटरीतील सेलची किंमत, आलेले आणि न आलेले पैसे, असे सर्व एका कागदावर उतरवायचे आहे. त्या दोन व्यवसायांकडील येण्यांबाबत 45 दिवसांच्या कायद्याचा आधार घेता येईल का, आणि वर्कशॉपची नोंदणी त्यासाठी वेळेवर झालेली होती का, हे जमाखर्च यांनी सांगितल्यास मी आभारी राहीन. त्याच्या आईचे दागिने मात्र बँकेतून सोडवून आणायचे आणि पुढे काहीही झाले तरी ते पुन्हा ठेवायचे नाहीत, हे मी आजच घरात सांगून टाकले आहे.

जमाखर्च

नोंदणीची तारीख आणि सर्व बिलांच्या तारखा रविवारी आधी वेगळ्या काढून ठेवा. पुरवठा नोंदणीच्या आधीचा असेल तर अडचण येते, नंतरचा असेल तर अर्ज करता येईल. दागिन्यांविषयी केलेत ते फार चांगले केलेत.