रॉक क्रॉलिंग पार्कचे व्यवस्थापन बदलले : जुना सीझन पास, भरलेली आगाऊ रक्कम आणि नवे नियम

एडिसनकर

नमस्कार. न्यू जर्सीतील आम्ही सात मराठी कुटुंबे गेली सहा वर्षे दर ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियाच्या दगडी कोळशाच्या पट्ट्यातील एका खासगी ऑफ-रोड पार्कमध्ये जीप घेऊन रॉक क्रॉलिंगला, म्हणजे मोठ्या धोंड्यांवरून सावकाश गाडी चढवायला, जातो. पार्कचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण दुसरी बाजू अजून पूर्ण ऐकलेली नाही. ऑगस्टअखेर ते पार्क विकले गेले आणि नव्या व्यवस्थापनाकडून जे पत्र आले, त्यामुळे आमच्यात दोन तट पडले आहेत.

पहिला प्रश्न पैशांचा आहे. मार्चमध्ये मी ३५० डॉलरचा सीझन पास घेतला, तो एप्रिल आणि मे महिन्यांत दोनदा वापरला. शिवाय ऑक्टोबरच्या सहलीसाठी सगळ्यांच्या वतीने ८ ऑगस्टला ६०० डॉलर आगाऊ भरले. नवे मालक म्हणतात की त्यांनी जमीन, यंत्रसामग्री आणि नाव विकत घेतले आहे, आधीच्या मालकाची देणी घेतलेली नाहीत; म्हणून जुना पास चालणार नाही आणि आगाऊ रकमेबद्दल जुन्या मालकाशी बोलावे. जुने गृहस्थ मात्र फोन उचलत नाहीत. गेटवरच्या खोलीत शेगडीपाशी बसून, वहीत पेन्सिलीने गाड्यांचे नंबर लिहून घेणारा आणि संध्याकाळी शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत घरी न जाणारा हा माणूस असे वागेल, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

दुसरा प्रश्न नियमांचा. अवघड वाटांवर आता निदान एका अ‍ॅक्सलला लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारे यंत्र) आणि ३३ इंची टायर सक्तीचे आहेत, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, झाडाला पट्टा न गुंडाळता विंच (अडकलेली गाडी तारेने ओढणारे यंत्र) लावली तर पार्कबाहेर काढले जाईल आणि आमची सर्वांत आवडती, जुन्या खाणीच्या कड्याखालून जाणारी वाट कायमची बंद केली आहे. आमच्यापैकी दोघांकडे जीपच्या साध्या रँग्लर स्पोर्ट गाड्या आहेत, त्यांना लॉकर नाहीत. हे सगळे सुरक्षिततेसाठी आहे, की जुन्या गिऱ्हाइकांना कटवून महागडी गिऱ्हाइके आणण्यासाठी? जावे की दुसरे पार्क पाहावे?

लो-रेंज

एडिसनकर, आधी पैशांचे बोलतो, कारण त्याला मुदत आहे आणि नियमांच्या चर्चेला नाही.

व्यवसाय विकण्याच्या दोन रीती असतात. कंपनीच विकली तर तिची देणी तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जातात. केवळ मालमत्ता विकली तर सहसा जात नाहीत. तुमच्या पत्रातील भाषा दुसऱ्या प्रकारची आहे, आणि ती खरी असेल तर तुमचे पैसे कायद्याने जुन्या कंपनीकडेच अडकलेले आहेत. तरीही हा निकाल अंतिम मानू नका. जुनेच नाव, जुनीच माणसे आणि जुनीच संकेतस्थळाची पाटी घेऊन धंदा पुढे चालवणाऱ्याला काही प्रसंगी न्यायालये आधीच्या मालकाचा वारस धरतात.

८ ऑगस्टचे ६०० डॉलर क्रेडिट कार्डाने भरले असतील तर आजच बँकेला पत्र टाका. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्या स्टेटमेंटवर रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी तक्रार पोहोचावी लागते. फोनवर तक्रार नोंदवली म्हणून समाधान मानू नका. सोबत नव्या मालकांचे पत्र जोडा, कारण ठरलेली सेवा मिळणार नाही हे त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून दिले आहे. तुम्हाला याहून चांगला पुरावा शोधूनही सापडला नसता. पैसे कोणत्या नावाच्या खात्यात गेले, तेही स्टेटमेंटवर नीट पाहा.

मार्चच्या पासची ती मुदत केव्हाच उलटली आहे. कार्डकंपन्यांच्या स्वतःच्या नियमांत अनेकदा सेवा मिळायच्या तारखेपासून दिवस मोजतात, म्हणून विचारून पाहायला हरकत नाही. पण पास दोनदा वापरलेला असल्याने पूर्ण रक्कम परत मागू नका, उरलेल्या हंगामापुरती मागा. पेनसिल्व्हेनियात १२,००० डॉलरपर्यंतचे दावे मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजपुढे (स्थानिक न्यायाधीशापुढे) वकिलाशिवाय चालवता येतात, पण साडेतीनशे डॉलरच्या पासासाठी कामावर रजा टाकून तिकडे जाणे मला तरी परवडणार नाही.

खडकवासला

मी या पट्ट्यात पंचवीसेक वर्षे गाडी चालवतो आहे. पैशांच्या बाबतीत तुमच्यावर अन्याय झाला आहे, यात शंका नाही. नियमांबद्दल मात्र मी नव्या मंडळींच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण जमिनीत आहे.

ही सगळी अँथ्रासाइटची, म्हणजे कठीण दगडी कोळशाची, भूमी. खाणीची जमीन पूर्ववत करण्याचे बंधन घालणारा केंद्रीय कायदा १९७७ मध्ये आला. त्याआधी खणलेल्या कितीतरी जागा उभ्या कड्यांसह, काळ्या टाकाऊ मालाच्या टेकड्यांसह आणि खाली पोकळ बोगद्यांसह तशाच राहिल्या. आपल्याला जे मोठमोठे धोंडे चढायला मिळतात ते बरेचसे खाणवाल्यांनी वरून ढकललेले आहेत. म्हणजे आपला खेळच त्या विध्वंसावर उभा आहे. पण त्याच पट्ट्यात सेंट्रेलिया गावाखाली १९६२ पासून कोळशाची आग धुमसते आहे, हेही विसरून चालत नाही. कड्याखालची तुमची वाट मला ठाऊक आहे. मागच्या वसंतात मी तेथे थांबलो, तेव्हा वरून सुपारीएवढे खडे एकसारखे निसटत होते आणि जीपच्या बॉनेटवर टकटक वाजत होते. बर्फ वितळल्यावर असे कडे सुटतात. ती वाट मी असतो तर दोन वर्षांपूर्वी बंद केली असती.

आता विम्याचे पाहा. पेनसिल्व्हेनियाचा १९६६ चा एक कायदा, लोकांना फुकट फिरू देणाऱ्या जमीनमालकाला अपघाताच्या जबाबदारीतून बरेच संरक्षण देतो. गेटवर पैसे घेतले की ते कवच साधारणपणे गळून पडते, आणि उरतो तो विमा आणि आपण सही करतो ते जबाबदारीमुक्तीचे पत्र. त्या पत्राची किंमतही राज्यागणिक बदलते. व्हर्जिनियात शारीरिक इजेच्या बाबतीत अशी आगाऊ सही न्यायालय मानतच नाही. जुने गृहस्थ शेगडीपाशी बसून जे तोंडी चालवत होते, ते नव्या मालकाचा विमावाला पहिल्याच भेटीत लेखी मागणार, हे उघड आहे.

लॉकरची सक्तीही मला जाच वाटत नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरमध्ये) एक चाक हवेत गेले की तेच भिरभिरत राहते आणि जमिनीवरचे चाक ढिम्म हलत नाही. मग चालक घाबरून पाय दाबतो, फिरते चाक अचानक दगड पकडते आणि एकतर अ‍ॅक्सलचा सांधा तुटतो, नाहीतर गाडी उसळून कलंडते. त्यात गिअरचाही फरक असतो. रुबिकॉन ही रँग्लरचीच लॉकरसह येणारी आवृत्ती. २०१८ च्या मॅन्युअल रुबिकॉनचा क्रॉल रेशो (सर्वांत खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या) ८४ च्या आसपास होता आणि मॅन्युअल स्पोर्टचा पन्नासच्या आत. म्हणजे रुबिकॉन जेथे मुंगीच्या पावलाने चढते, तेथे स्पोर्टला थोडा तरी वेग लागतो, आणि दगडावर वेग हाच शत्रू. तुमच्या दोन स्पोर्टवाल्यांना मधल्या वाटांवर न्या, टायरची हवा पस्तीस पौंडांवरून पंधरावर आणा आणि पुढे उभे राहून चाक कोठे टाकायचे ते सांगणारा एक बरा स्पॉटर ठेवा. दिवस वाया जाणार नाही.

झाडाच्या नियमाबद्दल एकच सांगतो. त्याच पार्कात ओढ्याच्या वळणावर एक ओक आहे, त्याच्या बुंध्याभोवती विंचच्या तारेने मनगटाएवढी रुंद साल पुरी कापून काढली आहे. वरचा अर्धा भाग वाळला. असा पराक्रम आपल्यापैकीच कोणीतरी केलेला असतो.

चारचाकी

खडकवासला यांचे म्हणणे पटले, पण अर्धेच. सुरक्षिततेच्या नावाखाली हळूहळू गिऱ्हाईकच बदलले जाते, हे मी दोन ठिकाणी पाहिले आहे. साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी बसायच्या छोट्या ऑफ-रोड गाड्यांचा बाजार गेल्या पंधरा-वीस वर्षांत अफाट वाढला. त्या मंडळींना लांबलचक, वेगाने पळवायच्या वाटा हव्या असतात आणि ती गेटवर घोळक्याने येतात. मग बुलडोझर फिरतो, धोंडे बाजूला सारले जातात आणि आपल्या वाटेचा रस्ता होतो. दर तासाला तीन किलोमीटरच्या चालीने चढणाऱ्याच्या मागे साठच्या वेगाने कोणी आले तर धोका कोणाला, हे नवे व्यवस्थापन लिहीत नाही. म्हणून वाटा बंद केल्याचे ऐकून घाबरू नका, नव्या वाटा कोणासाठी काढल्या जात आहेत ते विचारा. त्या उत्तरावरून त्यांचा हेतू कळेल.

(आमच्या गटातील एक जण महिंद्राची रॉक्सर ट्रेलरवर घालून आणतो, कारण ती रस्त्यावर चालवण्यासाठी विकलीच जात नाही. तीत बसले की बालपणीच्या मेजर जीपची आठवण येते. नव्या नियमांत तिला जीप धरणार की साइड-बाय-साइड, हेही एकदा विचारायचे आहे.)

खडकवासला

चारचाकी, तुमची भीती खरी आहे, पण नियम नसण्याचा परिणामही आपण पाहिला आहे. नॉर्थ कॅरोलिनातील अप्पर टेलिको ही पूर्वेकडील नामांकित जागा. वाटांवरची माती वाहून ट्राउट माशांच्या ओढ्यांत जाते म्हणून वनखात्याने २००९ मध्ये त्या वाटांना कुलूप लावले. तेथे चालवायला आता कोणालाच मिळत नाही, आपल्यालाही नाही आणि साइड-बाय-साइडवाल्यांनाही नाही. उलट नॉर्थम्बरलँड काउंटीने स्वतःच्या मालकीच्या जुन्या कोळसाजमिनीवर, सहा हजारांहून अधिक एकरांत, २०१४ मध्ये सार्वजनिक पार्क उघडले. एडिसनकरांचे येथे जमले नाही तर तो पर्याय आहे.

एडिसनकर

सर्वांचे आभार. काल बँकेला पत्र पाठवले; पैसे जुन्या कंपनीच्या नावावर गेल्याचे स्टेटमेंटवर स्पष्ट दिसते. आज नव्या व्यवस्थापिकेशी फोनवर बोललो. कड्याखालच्या वाटेबद्दल विचारताच त्या म्हणाल्या की जूनमध्ये तेथे फ्रिजएवढा दगड वाटेच्या मधोमध येऊन पडला होता, आणि तो अजून तेथेच आहे. नव्या वाटा कोणासाठी, या प्रश्नावर मात्र त्यांनी "अजून ठरलेले नाही" एवढेच सांगितले. चारचाकी, याची नोंद घ्यावी. रॉक्सर ट्रेलरवरून आणली तर ती जीपच धरली जाईल.

पास त्या मानणार नाहीत, पण जुन्या पासधारकांना या हंगामात प्रवेशशुल्क निम्मे करतील, असे त्यांनी ईमेलने लिहून दिले आहे. आमच्यातील पाच गाड्या जाणार आहेत. एका स्पोर्टवाल्याने यंदा घरी राहायचे ठरवले, आणि दुसऱ्याने तावातावाने मागच्या अ‍ॅक्सलसाठी लॉकर मागवला आहे. तो बसवून देणारा मेकॅनिक ऑक्टोबरपूर्वी मिळेल का, हे आता शोधतो आहे. सातवे कुटुंब अजून रुसलेले आहे.