नऊ लाखांत जुनी सात आसनी डिझेल एसयूव्ही घ्यावी, की नवी छोटी गाडी?

कराडकर (धागाकर्ता)

आम्ही कराडला राहतो आणि आमचे गाव चिपळूणच्या पलीकडे आहे, त्यामुळे पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट हा आमचा नेहमीचा रस्ता आहे. आम्ही दोघे, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील अशी घरात सहा माणसे आहेत. वर्षाकाठी गाडी साधारण नऊ हजार किलोमीटर चालेल.

पाहण्यात आलेली गाडी २०१८ ची महिंद्रा एक्सयूव्ही५०० आहे. एमएच-०८ (रत्नागिरी) पासिंग, दुसरा मालक, ब्याण्णव हजार किलोमीटर आणि मागणी साडेआठ लाखांची. पन्नास हजार दुरुस्तीला बाजूला ठेवले तरी हिशेब नऊ लाखांत बसतो. तेवढ्याच पैशांत चार मीटरच्या आतली नवी पेट्रोल एसयूव्ही खालच्या व्हेरिएंटमध्ये मिळते.

माझा कल जुन्या गाडीकडे आहे. पाच आसनी गाडीत सहावा माणूस बसवायचा म्हणजे कोणाला तरी सीटबेल्टशिवाय न्यायचे, आणि ते मला घाटात मान्य नाही. शिवाय भरलेली गाडी घाट चढताना २.२ लिटरच्या डिझेल इंजिनाची ओढ आणि १.२ लिटर पेट्रोलची ओढ यांत फार फरक पडतो. किमतीतली मोठी घसरण पहिल्या दोन मालकांनी सोसलेली आहे, ती मला सोसावी लागणार नाही. सर्व्हिसच्या नोंदी मिळाल्या आहेत. फक्त जून २०२१ ते मार्च २०२२ या काळात एकही नोंद नाही. मालक त्याचे कारण कोविड सांगतो. विरोधी मते अवश्य मांडावीत.

हिशेबनीस

माझा स्पष्ट विरोध आहे आणि तो आकड्यांवर उभा आहे. डिझेल गाडी इंधनात स्वस्त पडते हा समज आधी तपासू. घाट आणि गाव मिळून ही गाडी लिटरला बारा किलोमीटर देईल असे धरले, तर नऊ हजार किलोमीटरला साडेसातशे लिटर डिझेल लागेल, म्हणजे लिटरला ९१ रुपये धरून सुमारे ६८ हजार रुपये. छोट्या पेट्रोल गाडीने चौदाचे ॲव्हरेज दिले, तर साधारण ६४३ लिटर लागतील आणि १०५ रुपये दराने खर्च साडेसदुसष्ट हजारांच्या घरात जाईल. इंधनात वाचत काहीच नाही. देखभाल मात्र मोठ्या गाडीची करावी लागेल. या आकाराच्या गाडीचे चार टायर, क्लच आणि सस्पेन्शनची कामे एकाच वर्षात निघाली, तर बाजूला ठेवलेले पन्नास हजार कुठल्या कुठे जातील.

दुसरी गोष्ट विम्याची, जिच्याकडे जुनी गाडी घेणारे क्वचितच पाहतात. पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीचा अपघाती दावा मंजूर होताना बदललेल्या धातूच्या भागांच्या किमतीतून चाळीस टक्के घसारा कापला जातो आणि प्लास्टिक-रबराच्या भागांतून पन्नास टक्के. हा घसारा टाळणारे झिरो-डेप कव्हर या वयाच्या गाडीला सहसा मिळत नाही. बंपर, हेडलाइट आणि बॉनेट एकदा गेले, की विमा असूनही मोठी रक्कम खिशातून भरावी लागते. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) तुमच्याकडे येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

आणि मागितलेली किंमतच मला पटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा एकूण कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला, तर मोठ्या एसयूव्हीवरचा ५० वरून ४० टक्क्यांवर. नव्या गाड्या उतरल्या, पण जुन्या गाड्यांचे मालक अजून जुन्याच भावात अडकून आहेत.

घाटमाथा

हिशेबनीसांचे आकडे बरोबर आहेत, पण ते चुकीच्या गाडीशी तुलना करत आहेत. सहा माणसांना पाच आसनी गाडी पुरत नाही, हा मूळ मुद्दा त्यांनी सोडून दिला. सहा माणसांच्या कुटुंबाने छोटी गाडी घेतली, तर प्रत्येक वेळी एक तर कोणीतरी मागे राहते, नाहीतर कोणाच्या तरी मांडीवर मूल बसते.

बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाडीची एक जमेची बाजू धाग्यात आलेली नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. तो स्वतःला साफ करण्यासाठी गाडी बराच वेळ एका वेगाने धावावी लागते. कराडच्या बाजारपेठेत रोज दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि बदलायची वेळ आली तर खर्च भारी असतो. २०१८ च्या गाडीत ही भानगडच नाही. जो डिझेल गाडी गावात थोड्या थोड्या अंतरासाठी आणि घाटात अधूनमधून चालवतो, त्याच्यासाठी शेवटच्या बीएस-४ गाड्या खरोखर सोयीच्या आहेत.

यमुनापार

मी नोएडाला राहतो, म्हणून धोरणाबद्दल लिहितो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. तोवर इकडच्या अनेकांनी धडधाकट गाड्या मिळेल त्या भावाने परराज्यांत विकून टाकल्या होत्या. महाराष्ट्रात आज असा नियम नाही आणि तुमच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची म्हणजे २०३३ पर्यंतची आहे, हे मान्य. पण पाच वर्षांनी विकायला काढाल, तेव्हा जुन्या डिझेलला गिऱ्हाईक असेलच, हे गृहीत धरून पैसे गुंतवू नयेत.

घाटमाथा

विकताना काय मिळेल, या भीतीने आज आईवडिलांना अडचणीत बसवायचे का? साडेआठ लाखांची गाडी पाच वर्षांनी तीन लाखांना गेली, तरी साडेपाच लाख घटले. नऊ लाखांची नवी गाडी पाच वर्षांनी पाच लाखांना विकली, तर चार लाख घटले. दीड लाखाच्या या फरकात सहाही जणांना पाच वर्षे सीटबेल्ट मिळतो. मला हा सौदा महाग वाटत नाही.

गॅरेजमित्र

डिझेल की पेट्रोल हा वाद थोडा वेळ बाजूला ठेवा. एमएच-०८ पासिंग आणि जून २०२१ नंतर नऊ महिने सर्व्हिसची नोंद नाही, एवढे वाचूनच मी थांबलो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले होते आणि बाजारपेठेत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. ही गाडी त्यांपैकी आहे असे मी म्हणत नाही, पण ती नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

पाहायला जाल तेव्हा मागच्या रांगेतला सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढा. बाहेरचा पट्टा धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या आत राहिलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ बहुधा तशीच राहते. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून तिच्या रुळांचे बोल्ट पाहा. ब्याण्णव हजार चाललेल्या गाडीच्या आतल्या बोल्टांना गंज चढण्याचे कारण नसते. पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलून खालचे फोम बोटाने दाबा आणि वास घ्या. पुराची गाडी इंजिन उघडून सुरू करता येते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेले पाणी वर्ष-दोन वर्षांनी एकेक सेन्सर घेऊन जाते, आणि तो दोष कोणत्याही गॅरेजमध्ये एका फेरीत सापडत नाही.

याशिवाय विमा कंपनीकडून त्या वर्षाच्या दाव्यांची नोंद मालकाला मागायला सांगा. ती त्याला मिळू शकते, आणि लपवण्यासारखे काही नसेल तर तो ती मागवेल. गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेले नाही ना, हे बॉनेटवर हात ठेवून बघा. टायरवरचा चार आकडी क्रमांकही वाचा: २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे.

हिशेबनीस

याच कारणासाठी मी नव्या गाडीच्या बाजूने आहे. हे सगळे तपासणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले नाही.

गॅरेजमित्र

आवाक्यातले आहे. ओळखीचा फिटर सोबत नेला आणि अर्धा दिवस दिला की बरेचसे कळते. मी स्वतः गेली अनेक वर्षे लोकांना जुन्या गाड्या घेऊन देतो आहे. अट एकच, नोंदी अखंड हव्यात. दहा गाड्या नाकारायची तयारी नसेल, तर मात्र नवीच घ्यावी.

कराडकर

मालकाकडे दाव्यांची नोंद मागितली. तो आधी देतो म्हणाला आणि नंतर किंमत पंचवीस हजारांनी उतरवायला तयार झाला. कागद मात्र दिला नाही. ही गाडी मी सोडली आहे. तरीही सात आसनांची गरज कायम आहे, त्यामुळे आता कोल्हापूर, सांगली आणि रत्नागिरीच्या २०१९ व २०२१ मधील पूरग्रस्त भागांतल्या गाड्या वगळून, शक्यतो एकाच मालकाची आणि सलग नोंदी असलेली गाडी शोधतो आहे. ती सहा महिन्यांत मिळाली नाही, तर छोटी नवी घेऊ आणि गणपतीला मोठी गाडी भाड्याने करू, असे घरात ठरले आहे.

हिशेबनीस

या शोधाला माझा विरोध नाही. मात्र मिळेल त्या गाडीला आठ लाखांच्या वर जाऊ नका आणि दुरुस्तीसाठी पन्नास हजारांऐवजी एक लाख धरा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा) हाती आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. आरसी नावावर होण्याची वाट न पाहता विमा हस्तांतराचा अर्ज चौदा दिवसांच्या आत द्या, कारण तो राहिला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.